बाम्से, चीकू आणि पंचतंत्र: जंगलातल्या गोड मित्रांच्या कॉमिक्सनी मुलं भोळी होतात का?

सायली_योतेबोरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच.

आम्ही स्वीडनमधल्या योतेबोरी (गोथेनबर्ग) शहरात असतो, मुलगा सहा वर्षांचा. त्याला सध्या बाम्सेचं वेड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाम्से हे एक अस्वल, निळी टोपी घालणारं, जगातलं सगळ्यात ताकदवान आणि तितकंच प्रेमळ. त्याची आजी एक खास मध बनवते, तो खाल्ला की त्याच्या अंगात प्रचंड शक्ती येते, पण तोच मध दुसऱ्या कुणी खाल्ला तर पोट दुखतं. त्याचे दोन जिवलग मित्र, एक लिल्ले स्कुत नावाचा ससा जो सगळ्याला घाबरतो, आणि दुसरा स्कालमान नावाचं कासव, अतिशय हुशार, पाठीवरच्या कवचातून काय वाट्टेल ते काढून देतं. रुने आंद्रेआसोन या चित्रकाराने १९६६ मध्ये हे पात्र आणलं, १९७३ पासून त्याचं स्वतंत्र मासिक निघतं आणि आजही निघतंय. इथे बाम्से माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण.

तर प्रश्न असा की माझे सासरे (साताऱ्याला असतात) व्हिडिओ कॉलवर नातवाकडून या गोष्टी ऐकतात आणि त्यांचं मत पडलंय की हे फार गुळमुळीत आहे. अस्वल कुणाला मारत नाही, चोराला पकडलं तरी त्याच्याशी गप्पा मारून त्याला समजावतं, सगळे शेवटी एकत्र खातात पितात. ते म्हणतात पोरगं भोळसट होईल, त्याला पंचतंत्र सांग, कोल्हा कसा फसवतो ते कळू दे. मला मनापासून बाम्से आवडतो, पण त्यांचं म्हणणं मला टाकूनही देता येत नाहीये. तुमचं काय मत? आणि मराठीत अशी प्रेमळ प्राण्यांची कॉमिक्स कुठली आहेत तेही सुचवा.

खारुताई

मस्त धागा! पहिला रुमाल माझा. रात्री सविस्तर लिहिते.

मु_पो_सातारा

आजोबांशी १०० टक्के सहमत. आणि मी साताऱ्याचा आहे म्हणून नाही.

अहो शाळेत, मैदानात, पुढे नोकरीत लोक काय मध खाऊन येतात का? आपल्या लहानपणी सशाने सिंहाला विहिरीत स्वतःचं प्रतिबिंब दाखवून उडी मारायला लावली, माकडाने मगरीला काळीज झाडावर राहिलंय सांगून जीव वाचवला, यातून आपण शिकलो की समोरचा गोड बोलतोय म्हणजे मित्रच आहे असं नाही. हे ज्ञान पोराला सहाव्या वर्षीच मिळालं पाहिजे, नंतर फार उशीर होतो. गोड गोष्टी वाचा की, पण फक्त त्याच नकोत.

नेहा_के

चंपकमधला चीकू!!! चीकू ससा आणि मीकू उंदीर. अंक आला की मी आधी तेच पान उघडायचे. आमच्या गावी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मराठी चंपक मिळायचा आणि बस यायच्या आत वाचून संपायचा. चंपकवनात सगळे प्राणी शाळेत जायचे, दुकान चालवायचे, आजारी पडले तर डॉक्टरही प्राणीच. मी तर भोळी नाही झाले, विचारा माझ्या नवऱ्याला :)

पेन्सिलवाला

टिंकलमधला कालिया कावळा विसरू नका. अनंत पैंचं टिंकल १९८० ला सुरू झालं आणि कालिया त्यातला बहुतेकांचा लाडका. लुईस फर्नांडिस यांनी लिहिलेला आणि प्रदीप साठे यांनी काढलेला. बिग बान नावाचं जंगल, त्यात कीचू आणि मीचू हे दोन ससे, शोनार हरीण, आणि त्यांना खायला टपलेले चमटका कोल्हा आणि डूबडूब मगर. दर वेळी कोल्हा बेत आखतो, कालिया झाडावरून ऐकतो आणि बेत उधळून लावतो.

मी स्वतः चित्रं काढतो म्हणून सांगतो, साठेंच्या चमटकाचे नुसते डोळे बघा. बेत सुचला की एक नजर, फसला की दुसरी. आणि महत्त्वाचं म्हणजे कालियात कुणी मरत नाही. कोल्हा आणि मगर उपाशी, चिखलात लोळलेले, आपटलेले, पण पुढच्या अंकात ताजेतवाने हजर. म्हणजे कोल्ह्याचा कावेबाजपणाही कळतो आणि रात्री पोराला भीतीही वाटत नाही. सायलीताई, आजोबा आणि तुम्ही दोघांनाही चालेल असं हे मधलं ठिकाण आहे.

रानवाटा

वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका.

मी चंद्रपूरकडचा. आमच्याकडे अस्वल म्हणजे निळी टोपी नाही. मार्च एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे बायामाणसं, पोरं टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. त्याची नजर आणि कान फार तेज नाहीत, माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळलं की ते घाबरून अंगावर येतं. तोंडावर पंजा मारतं. असे जखमी झालेले लोक मी बघितलेत. आमच्या पोरांना आम्ही सांगतो मोठ्याने बोलत जा, गाणी म्हणत जा, एकटं जाऊ नका. त्यामुळे मिठी मारणारं अस्वल बघून मला जरा कसंतरी होतं.

पण खऱ्या अस्वलातही गोष्टीला पुरेल इतकं काय काय आहे. अस्वलीण पिल्लांना पाठीवर बसवून फिरते, केस धरून दोन दोन पिल्लं बसलेली असतात. वारूळ फोडून वाळवी ओढून खाते, पुढचे वरचे दोन दात नसतात म्हणून तिथून हवा खेचता येते, तो आवाज लांबपर्यंत येतो. हे कुणी कॉमिकमध्ये का काढत नाही? गोड असू दे की, पण आमच्या रानातलं असू दे.

खारुताई

@रानवाटा, वा! पाठीवरची पिल्लं हे चित्र डोळ्यासमोरून हलत नाहीये. यावर खरंच कुणीतरी मराठीत करायला पाहिजे.

दालार्णाकर

रानवाटांच्या मुद्द्यावर. मी स्वीडनच्या दालार्णा भागात आहे, इथे खरी अस्वलं आहेत आणि दरवर्षी २१ ऑगस्टपासून परवान्याने त्यांची शिकार सुरू होते. ज्या देशात बाम्से घराघरात आहे त्याच देशात. लांडग्यांवरून तर इथे इतकं राजकारण चालतं की जेवणाच्या टेबलावर विषय काढू नये. मेंढ्या, कुत्रे मारले जातात म्हणून शेतकरी आणि शिकारी एका बाजूला, निसर्गवाले दुसऱ्या बाजूला.

पण इथल्या मुलांचा गोंधळ होत नाही. माझी मुलगी शाळेच्या सहलीला जंगलात जाते तेव्हा अस्वलाची विष्ठा कशी ओळखायची, हरवलं तर एका झाडाला धरून बसायचं, हे शिकून येते, आणि घरी येऊन बाम्से वाचते. दोन्ही अस्वलं तिच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यात बसलेली असतात. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा याबाबतीत फार शहाणी असतात.

मु_पो_सातारा

दालार्णाकर, तुमच्या या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं झालं. खरं जग वेगळं शिकवावंच लागलं ना?

दालार्णाकर

शिकवावं लागलं, पण बाम्से बंद करून नाही शिकवलं. फरक तिथेच आहे.

गोगलगाय

स्कालमान कासव सगळ्यात भारी!! त्याचं ते खाण्याचं आणि झोपण्याचं घड्याळ. संकट कितीही मोठं असो, नाव बुडत असो नाहीतर चोर दारात असो, घड्याळ वाजलं की हा जिथे असेल तिथे झोपणार नाहीतर जेवायला बसणार.

पुण्याचा_पक्या

पुण्यात हे घड्याळ दुकानांना बसवलेलं आहे. १ ते ४.

गोगलगाय

=)) =))

मंजिरी_शिक्षिका

मी प्राथमिकला शिकवते, नाशिक जिल्ह्यात. धागा वाचल्यावर बाम्सेबद्दल थोडं शोधून वाचलं आणि एका गोष्टीने मला अगदी थांबवलं. मार देऊन कुणी चांगलं होत नाही, हे त्या अस्वलाचं तत्त्वच आहे. आणि मुलांना मारायला कायद्याने बंदी घालणारा जगातला पहिला देश स्वीडन, १९७९ साली, म्हणजे घरी आईवडिलांनीसुद्धा मारायचं नाही. कॉमिकमुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही, पण एकाच काळात एकाच समाजातून दोन्ही आलं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. तरी आजही पालक येऊन सांगतात, बाई दोन ठेवून द्या.

सायली, तुझ्या सासऱ्यांचा मुद्दा मी रोज वर्गात बघते. दांडगट मुलगा असतो, त्याला घाबरणारी चार असतात. पंचतंत्रातली सशाची गोष्ट सांगितली की घाबरणाऱ्या चौघांना बळ येतं, युक्ती करता येईल असं वाटतं. हे खरंच होतं. पण त्या दांडगट मुलासाठी त्या गोष्टीत काय आहे? विहीर. तो सिंह आहे, त्याला बुडवायचं आहे, बस. बाम्सेत मात्र ताकदवानाने ताकदीचं काय करायचं ते दाखवलंय, आणि लांडगा जो आधी खलनायक होता तो पुढे त्यांचा मित्र होतो म्हणे. माझ्या वर्गातल्या दांडगटाला सुधारायची जागा असलेली गोष्ट मला हवी आहे. म्हणून मला या गोष्टी गुळमुळीत वाटत नाहीत, उलट वर्ग चालवणाऱ्या माणसाला जास्त उपयोगी वाटतात.

सायली_योतेबोरी

मंजिरीताई, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. लांडग्याचं अगदी बरोबर आहे. सुरुवातीच्या गोष्टींमध्ये तो टोळीचा म्होरक्या असतो, पुढे बदलतो. पण बदलला तरी गावातले लोक लगेच विश्वास ठेवत नाहीत, काही चोरीला गेलं की आधी त्याच्याकडे बघतात, आणि हे माझ्या मुलाला फार लागतं. "त्याने नाही केलं ना आई?" असं चार चार वेळा विचारतो.

आणि सगळेच सुधारत नाहीत बरं का. क्रोसुस सोर्क नावाचा एक अतिश्रीमंत उंदरासारखा प्राणी आहे, तो पैशासाठी काहीही करतो आणि दर वेळी नव्या योजना घेऊन येतो.

मु_पो_सातारा

मंजिरीताईंच्या मुद्द्यात दम आहे. सिंहाच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. पण तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे, घाबरणाऱ्या चौघांचं काय? त्यांच्यासाठी ससा विहिरीपर्यंत गेलाच पाहिजे.

जुनापुराणा

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले. पंचतंत्राला तुम्ही मंडळी एकाच बाजूने उभं केलंय म्हणून लिहितो.

पंचतंत्राची पाच तंत्रं. पहिलं मित्रभेद, म्हणजे दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडतो ते. विहिरीतला सिंहही त्याच तंत्रातला. आपण शाळेत आणि घरी बहुतेक याच गोष्टी ऐकलेल्या असतात म्हणून पंचतंत्र म्हणजे कावेबाजपणा असं समीकरण बसलंय. पण दुसरं तंत्र आहे मित्रसंप्राप्ती, मित्र कसे मिळवावेत. ते उघडा आणि बघा काय आहे: लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण. जंगलातले चार मित्र. आजोबांना हवं ते पंचतंत्र आणि सायलीताईंना हवं ते प्रेमळ जंगल एकाच पुस्तकात आहे.

सुरुवात कबुतरांपासून होते. चित्रग्रीव राजा आपल्या थव्यासकट जाळ्यात सापडतो, सगळे मिळून जाळं घेऊन उडतात, हे आपल्याला माहीत असतं. पुढचं फार कमी सांगितलं जातं. ते हिरण्यकाकडे येतात, तो राजाचा जुना मित्र, तो आधी राजाचा पाश कुरतडायला जातो. राजा म्हणतो, थांब, आधी माझ्या लोकांचे पाश तोड, मग माझे. हे बघून झाडावरच्या कावळ्याला वाटतं असा मित्र आपल्याला हवा. तो उंदराच्या बिळापाशी जाऊन मैत्री मागतो, आणि उंदीर आतूनच सांगतो की तू खाणारा आणि मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी होणार? कावळा तिथून हलत नाही, बोलत राहतो, उंदीर वाद घालत राहतो, आणि मग हळूहळू विश्वास बसतो. म्हणजे इथे मैत्री आहे पण भोळेपणाने झालेली नाही. उंदीर पारखून घेतोय.

आणि शेवट तर सहा वर्षांच्या मुलाने नाचावं असा आहे. शिकारी कासवाला धनुष्याला बांधून नेतो. मग हरीण तळ्याकाठी मेल्याचं सोंग घेऊन पडतं, कावळा त्याच्यावर बसून डोळे टोचल्याचं नाटक करतो, शिकारी कासव खाली ठेवून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर दोरी कुरतडतो, कासव पाण्यात, हरीण पळालं, कावळा उडाला, उंदीर बिळात. शिकाऱ्याला कुणी मारलं नाही. चौघांनी आपापल्याला जे येतं ते केलं. मु_पो_सातारा, तुमच्या घाबरणाऱ्या चौघांसाठी यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही.

मु_पो_सातारा

जुनापुराणा काका, टोपी काढली. हे सविस्तर कधी ऐकलंच नव्हतं. चौघांसाठी चार प्राणी, माझा प्रश्न मिटला.

पेन्सिलवाला

म्हणजे कावळा, हरीण आणि बाकी दोस्तमंडळी... कालियाची वंशावळ लागली की! मी चार पानांचं कच्चं कॉमिक करून बघणार आहे यावर. एक अडचण आत्ताच दिसतेय, उंदीर आणि हरीण एकाच चौकटीत कसे बसवायचे. बाम्सेत अस्वल, ससा, कासव सगळे दोन पायांवर उभे राहतात आणि उंचीत फार फरक ठेवलेला नाही म्हणून चौकटी सोप्या जातात. सायलीताई, फ्रान्सिस्को तोरा आणि बू मिखानेक यांनी काढलेल्या गोष्टी हाताशी असतील तर घोळक्याची चित्रं नीट बघा, प्रत्येकजण कुठेतरी बघतोय, एकही चेहरा रिकामा नाही. प्राणी खरे वाटण्यासाठी केस काढावे लागत नाहीत, नजर काढावी लागते.

रानवाटा

पेन्सिलवाला, करत असाल तर हरीण चितळ ठेवा, झाडं मोहाची आणि सागाची ठेवा. कासव तळ्यातलं. शिकाऱ्याचं जाळं कसं लावतात ते मी सांगेन.

पेन्सिलवाला

ठरलं. आणि तुमची अस्वलीणही घेतो, दुरून जाताना, पाठीवर दोन पिल्लं. तिला संवाद नाही.

नेहा_के

अवांतर: मराठीत काय मिळेल हे सायलीने विचारलं होतं ते राहूनच गेलं. बालभारतीचं किशोर, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. कॉमिक्स त्यात कमी पण प्राण्यांच्या सचित्र गोष्टी भरपूर. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत खूप चित्रपुस्तकं आहेत, तीही फुकट, डाउनलोड करून छापताही येतात. लहान मुलांसाठी पातळीनुसार लावलेली आहेत.

लंडनची_लीला

आमच्याकडे इंग्लंडात रुपर्ट नावाचं अस्वल आहे, १९२० पासून डेली एक्सप्रेसमध्ये येतंय. त्यात फुगे नसतात, प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची कविता आणि त्याखाली तीच गोष्ट गद्यात. लहान पोराला कविता वाचून दाखवायची, मोठं झालं की ते गद्य स्वतः वाचतं. पेन्सिलवाला, मराठीत ही पद्धत फार छान बसेल, आपल्याकडे ओवी आहे, बडबडगीतं आहेत.

दालार्णाकर

सायलीताई, आणखी एक उपयोगी माहिती. तुमच्या नगरपालिकेत मराठी बोलणारी किमान पाच मुलं असतील आणि शिकवायला योग्य व्यक्ती मिळाली तर शाळेमार्फत मातृभाषेचा तास मागता येतो. आमच्याकडे मुलं कमी पडली, योतेबोरीत जमायला हरकत नाही. आणि तोपर्यंत आम्ही घरी काय करतो ते सांगतो. बाम्सेच्या जुन्या अंकांवर संवादाच्या फुग्यांच्या मापाचे चिकटकागद कापून लावतो आणि त्यावर मुलगी मराठीत लिहिते. भाषांतर नाही, तिला वाटेल ते. एका गोष्टीत ससा घाबरून "आई गं, पाल!" म्हणतो. स्वीडिश जंगलात पाल कुठून आली विचारलं तर म्हणाली रत्नागिरीहून.

गोगलगाय

रत्नागिरीहून :D :D हे भारी आहे.

मंजिरी_शिक्षिका

चिकटकागदाची कल्पना माझ्या वर्गात उद्याच करणार. आमच्याकडे बाम्से नाही पण जुने चंपक आहेत.

सायली_योतेबोरी

सगळ्यांचे खूप आभार. सासऱ्यांना हा धागा पाठवला होता. त्यांनी जुनापुराणा काकांचा प्रतिसाद वाचला आणि काल कॉलवर मित्रसंप्राप्ती सांगायला घेतली. कावळा आणि उंदीर यांचा वाद चालू असतानाच मुलाने विचारलं की उंदराने बाहेर यावं की नाही, आणि दोघांचं त्यावर पाऊण तास भांडण झालं. आजोबा म्हणे येऊ नये, नातू म्हणे कावळा एवढा वेळ थांबलाय म्हणजे चांगला आहे. गोष्ट पुढे सरकलीच नाही.

माझं स्वतःचं मत आता असं झालंय की बाम्से मी कमी करणार नाही. शक्ती असलेल्याने कसं वागावं आणि चुकलेल्याला परत कसं घ्यावं हे त्याला कॉमिकमधून मिळतंय आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. कुणावर किती आणि कधी विश्वास ठेवायचा हे आजोबांकडून येऊ दे, त्यांच्या आवाजात. अगदी खोट्या बातम्या कशा तपासायच्या हेसुद्धा बाम्सेच्या मासिकात २०१७ मध्ये घेतलं होतं, त्यामुळे तो भाग तिथेही अगदीच नाही असं नाही, ते मी सासऱ्यांना आवर्जून सांगितलं.

दालार्णाकर, मातृभाषेच्या तासाचं बघते, इथली दोन कुटुंबं तर लगेच तयार झाली. आणि जुने बाम्से कुठे मिळाले तुम्हाला? नव्यांवर कागद चिकटवायला मुलगा देणार नाही.

दालार्णाकर

जुन्या वस्तूंच्या बाजारात गठ्ठ्याने मिळतात, अगदी स्वस्त. आमच्याकडेही मोठीचे वाचून झालेले एक खोकं भरून आहेत, पुढच्या महिन्यात गाडीने तिकडे येणार आहोत. व्यनि (वैयक्तिक निरोप) करा, घेऊन येतो.